गुलामाची किंमत कोणी लावली आणि भरपाई कोणाच्या खिशात गेली?



मागच्या महिन्यात आमच्या वाचनवर्गात महात्मा फुल्यांच्या 'गुलामगिरी'वर चर्चा ठेवली होती. चर्चा रंगात आली असताना इंजिनिअरिंगला शिकणाऱ्या एका भावाने विचारले, "अमेरिकेतली गुलामगिरी संपून दीडशे वर्षे उलटली. तिथे काळा माणूस राष्ट्राध्यक्षसुद्धा झाला. मग हे लोक अजून भरपाई कसली मागतात? आणि कॉलेजात आम्हालाही हेच ऐकवतात, आता कुठे राहिलीय जात? तेव्हा काय बोलायचं?"

त्या दिवशी आम्ही जे उत्तर दिले ते अपुरे होते. द्वेष, वर्णवर्चस्व, मानसिकता असे नेहमीचे शब्द वापरून आम्ही वेळ मारून नेली. नंतर आमचे आम्हालाच ते खटकले. म्हणून हा लेख.

आमचे म्हणणे असे आहे. गुलामगिरीचा जन्म हिशेबातून झाला. काळ्या माणसाचा द्वेष हा त्या हिशेबाला झाकण म्हणून नंतर तयार केला गेला. आणि कायद्याने गुलामगिरी बंद झाली तेव्हा पैसे मालकाला मिळाले, गुलामाला एक छदामही मिळाला नाही. ज्या व्यवहारात एका बाजूची बाकी कधी दिलीच गेली नाही, तो व्यवहार 'संपला' असे म्हणणे ही शुद्ध लबाडी आहे.

हा विषय आपला कसा?

काही मित्र म्हणतील, इथले प्रश्न सोडून अमेरिकेत कशाला जायचे? त्यांनी 'गुलामगिरी'चे पहिले पान उघडावे. १८७३ साली तात्यासाहेबांनी हे पुस्तक अर्पण केले ते अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी निःस्वार्थपणे झीज सोसली. आपल्या देशबांधवांनीही शूद्रांच्या मुक्तीसाठी तो कित्ता गिरवावा, ही त्यांची अपेक्षा होती. अमेरिकेत गुलामगिरी बंद होऊन तेव्हा फक्त आठ वर्षे झाली होती. पुण्यात बसून हा माणूस जगातल्या शोषितांचा धागा जुळवत होता.

बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला शिकायला गेले आणि अर्थशास्त्र शिकले. पुढे १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतले थोर कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉय यांना पत्र लिहिले. तुमच्या लोकांची अवस्था आणि भारतातल्या अस्पृश्यांची अवस्था यांत मोठे साम्य आहे, असे त्यांनी कळवले आणि कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. १९७२ साली आपल्या पोरांनी संघटना काढली तेव्हा 'पँथर' हे नाव कुठून घेतले, हे सांगायला नकोच. नाव आपण घेतले, पण त्यांचा हिशेब आपण नीट वाचला नाही.

आधी साखर, मग कायदा, मग द्वेष

युरोपियन लोक अमेरिका खंडात गेले तेव्हा त्यांना जमीन फुकट मिळाली. ती मूळनिवासींची होती. ते रोगराईने आणि कत्तलींनी मारले गेले, उरलेले हुसकावले गेले. जमीन मिळाली, पण तिच्यावर राबणार कोण? तंबाखू आणि ऊस ही माणूस खाणारी पिके. उसाचे तर तोड झाली की लगेच गाळप करावे लागते, रात्रंदिवस चरक चालू ठेवावा लागतो. ज्याला बाजूलाच मोकळी जमीन मिळू शकते तो माणूस दुसऱ्याच्या मळ्यात मजुरीला कशाला राहील? म्हणून मळेवाल्याला असा मजूर हवा होता जो सोडून जाऊच शकणार नाही.

सुरुवातीला हे काम गोऱ्यांकडूनच करून घेतले गेले. इंग्लंड-आयर्लंडमधले गरीब लोक चार ते सात वर्षांच्या करारावर आणले जात. पण करार संपला की ते मोकळे होत आणि जमीन मागत. पळून गेले तर गर्दीत मिसळून जात. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसाचे तसे नव्हते. त्याला भाषा परकी, मुलूख परका, रंगावरून तो कुठेही ओळखू येणार. त्याला कराराची मुदतही नाही. हिशेब सरळ होता.

एक प्रसंग पाहा. १६४० साली व्हर्जिनियात तीन नोकर मालकाकडून पळाले आणि पकडले गेले. दोघे युरोपियन होते, तिसरा जॉन पंच हा काळा होता. गुन्हा एकच. दोघा गोऱ्यांची नोकरीची मुदत चार वर्षांनी वाढली. जॉन पंचला जन्मभराची चाकरी लागली. १६६२ मध्ये व्हर्जिनियाने कायदा केला की मूल आईच्या दर्जाचे होईल. इंग्लंडची रीत याच्या उलट होती, तिथे मूल बापाचे. मग ही रीत का फिरवली? कारण मळेवाल्याने गुलाम बाईवर बलात्कार केला तरी जन्मणारे मूल त्याचा वारस न होता त्याची मालमत्ता व्हावी. १६६७ मध्ये आणखी एक कायदा आला, बाप्तिस्मा घेतला तरी गुलाम मुक्त होणार नाही. म्हणजे धर्म आड येऊ लागला तेव्हा धर्मालाही बाजूला सारले.

हा क्रम लक्षात घ्या. आधी मजुरांची गरज, मग कायदा, आणि त्यानंतर 'काळा माणूस जन्मतःच हलका' हे तत्त्वज्ञान. त्रिनिदादचे इतिहासकार आणि पुढे त्या देशाचे पहिले पंतप्रधान झालेले एरिक विल्यम्स यांनी १९४४ सालच्या 'कॅपिटॅलिझम अँड स्लेव्हरी' या ग्रंथात हेच मांडले, की वर्णद्वेष हे गुलामगिरीचे कारण नसून तिचा परिणाम आहे.

याचा पुरावा आपल्या मातीतही आहे. मलिक अंबर हा आफ्रिकेतल्या इथिओपियात जन्मलेला, लहानपणी विकला गेलेला, हातोहात विकत दख्खनला आलेला गुलाम. तो निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, त्याने मोगलांना जेरीस आणले, खडकी शहर वसवले, आणि त्याची जमीन महसुलाची पद्धत आजही इतिहासाच्या पुस्तकात शिकवतात. तो गुलाम होता, काळाही होता, तरी राज्य चालवू शकला. त्याच सतराव्या शतकात बार्बाडोसच्या उसाच्या मळ्यात राबणाऱ्या त्याच्याच खंडातल्या माणसाला मात्र जनावराचा दर्जा होता. दख्खनमधली गुलामी चांगली होती असे आम्ही मुळीच म्हणत नाही. माणूस विकणे हे पापच. पण इथे गुलाम सैन्यासाठी आणि दरबारासाठी घेतला जात होता, तिथे मळ्यासाठी. मळ्याला वजीर नको होता, फक्त हात हवे होते. म्हणून तिथे रंगावर कायमचा शिक्का मारला गेला.

माणूस तारण ठेवला गेला

सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सुमारे सव्वा कोटी आफ्रिकन माणसे जहाजांत कोंबली गेली. त्यांतली सुमारे १ कोटी ७ लाख जिवंत उतरली. मधला फरक, म्हणजे जवळजवळ १८ लाख माणसे, समुद्रात गेली.

या धंद्याला किती लोक चिकटले होते ते पाहा. जहाज बांधणारे, बेड्या घडवणारे, बंदुका आणि कापड पुरवणारे, कर्ज देणारे, विमा उतरवणारे. १७८१ मध्ये 'झोंग' नावाच्या जहाजावरून १३० हून अधिक जिवंत माणसे समुद्रात फेकण्यात आली. पाणी कमी पडत होते असे कारण सांगितले गेले. लिव्हरपूलच्या जहाजमालकांनी नंतर विमा कंपनीकडे प्रत्येक माणसामागे ३० पौंड मागितले. लंडनच्या कोर्टात हा खटला खुनाचा म्हणून चाललाच नाही, मालाच्या नुकसानीचा म्हणून चालला. पहिल्या सुनावणीत ज्युरीने मालकांच्याच बाजूने कौल दिला.

अमेरिकेत १७९३ साली सरकी काढण्याचे यंत्र आले आणि कापसाचे पीक सोन्याच्या भावाचे झाले. १७९० साली तिथे सुमारे ७ लाख गुलाम होते, १८६० मध्ये जवळजवळ ४० लाख झाले. 'गुलामगिरी तोट्याचीच होती, आपोआप मेली असती' असे सांगणारे विद्वान आजही भेटतात. मरणाऱ्या धंद्यातला माल असा महागतो का? युद्धाच्या आधल्या वर्षांत गुलामांच्या किमती चढत्या होत्या. त्या सगळ्या माणसांची बाजारातली एकूण किंमत सुमारे साडेतीन अब्ज डॉलर धरली जाते. देशातल्या रेल्वेत आणि कारखान्यांत मिळून गुंतलेल्या भांडवलापेक्षा ती जास्त होती.

आणि ही किंमत नुसती कागदावर नव्हती. शेतकरी जमीन गहाण टाकतो तशी माणसे गहाण टाकली जात. जेपी मॉर्गन चेस या बँकेने २००५ मध्ये जाहीर कबुली दिली, की तिच्यात विलीन झालेल्या लुइझियानातल्या दोन जुन्या बँकांनी १८३१ ते १८६५ या काळात सुमारे १३ हजार गुलाम कर्जाला तारण म्हणून घेतले होते. कर्ज थकले तेव्हा त्यांतले बाराशेहून अधिक गुलाम बँकांच्याच मालकीचे झाले. १८३८ मध्ये मेरीलँडच्या जेझुइट पाद्र्यांनी २७२ स्त्री-पुरुष-मुले विकली आणि त्यातला पैसा कर्जात बुडालेले जॉर्जटाउन कॉलेज सावरायला गेला. आज ते नामवंत विद्यापीठ आहे. गुणवत्तेच्या गप्पा मारणाऱ्यांनी त्या इमारतींचा पाया कोणी भरला हेही पाहावे.

मुंबईच्या तिजोरीत आलेला कापूस

यात मुंबईचाही भाग आहे. युद्धापूर्वी इंग्लंडच्या गिरण्यांत जाणाऱ्या कापसाच्या दर चार गाठींपैकी सुमारे तीन गाठी अमेरिकेच्या गुलाम मळ्यांतून येत. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले, बंदरे बंद झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी भारताकडे तोंड वळवले. कापसाचे भाव कडाडले. मुंबईत पैशाचा पूर आला. प्रेमचंद रायचंदसारखे व्यापारी कापसाचे राजे झाले, समुद्र बुजवण्याच्या कंपन्या निघाल्या, त्यांचे शेअर वाटेल त्या भावाने विकले गेले. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि फुगा फुटला.

दलालांतले काही बुडाले, काहींनी पुन्हा डाव मांडला. पण दख्खनचा जो कुणबी तेजीच्या काळात सावकाराच्या वहीत अडकला होता, तो भाव पडल्यावर बाहेर येऊ शकला नाही. १८७५ मध्ये पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, त्यामागे सरकारचा वाढीव सारा होता आणि ही मंदीही होती. मिसिसिपीच्या मळ्यातला चाबूक आणि सुप्याच्या बाजारातली होळी एकाच कापसाने जोडलेली होती.

भरपाई दिली गेली, पण मालकाला

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. 'भरपाई कसली मागता?' असे विचारणाऱ्याला सांगायचे, भरपाई आधीच दिली गेली आहे. कोणाला, ते बघ.

ब्रिटनने १८३३ मध्ये गुलामगिरी रद्द करणारा कायदा केला. त्यासाठी २ कोटी पौंडांची भरपाई मंजूर झाली. ही रक्कम सरकारच्या वर्षाच्या खर्चाच्या सुमारे ४० टक्के होती आणि ती गेली गुलामांच्या मालकांकडे. सुमारे ८ लाख मुक्त झालेल्या माणसांना काय मिळाले? 'शिकाऊ उमेदवार' या नावाखाली त्याच मालकाकडे आणखी काही वर्षे बिनपगारी काम. ते १८३८ मध्ये थांबले. या भरपाईसाठी काढलेल्या कर्जाची अखेरची फेड ब्रिटिश सरकारने २०१५ मध्ये केली. म्हणजे जमैका, बार्बाडोसहून इंग्लंडला जाऊन राहिलेल्या, गुलामांच्या पणतू-खापरपणतूंनीही आपल्या करातून आपल्या पूर्वजांच्या मालकांची भरपाई फेडली. आणि आम्हाला सांगतात, ही फार जुनी गोष्ट झाली!

हा कायदा ब्रिटिशांच्या दयेतून आला असेही समजू नका. १८३१ च्या डिसेंबरात जमैकात सॅम शार्पच्या नेतृत्वाखाली हजारो गुलामांनी उठाव केला, मळे पेटवले. शार्पला फाशी झाली आणि पुढच्याच वर्षी लंडनमध्ये कायदा झाला. शिवाय ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख त्या कायद्यातून वगळलेला होता. भारतासाठी वेगळा कायदा १८४३ मध्ये आला. गुलामावरचा मालकी हक्क कोर्टे मानणार नाहीत, इतकेच त्याने ठरवले. जमीन नाही, मजुरीची हमी नाही.

मालकांनी त्या पैशाचे काय केले? पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झालेल्या ग्लॅडस्टन यांचे वडील जॉन ग्लॅडस्टन यांना अडीच हजारांहून अधिक गुलामांपोटी एक लाख पौंडांहून जास्त भरपाई मिळाली. याच गृहस्थाने गुलामांच्या जागी भारतातून गिरमिटिया मजूर मागवले. १८३८ मध्ये 'व्हिटबी' आणि 'हेस्पेरस' ही जहाजे सुमारे चारशे भारतीयांना घेऊन ब्रिटिश गयानाला पोचली. त्याआधीच १८३४ पासून मॉरिशसच्या उसात भारतीय मजूर उतरवले जात होते. त्यांत पुढे कोकणातले मराठी लोकही होते, त्यांचे वंशज आजही तिथे आहेत. बेडी बदलून करारावर अंगठा आला, मळा आणि मळेवाला तोच राहिला.

हैतीची कहाणी याहून भयंकर आहे. तिथल्या गुलामांनी १७९१ मध्ये बंड केले, नेपोलियनच्या फौजेला हरवले आणि १८०४ मध्ये स्वतंत्र देश उभा केला. फ्रान्सने १८२५ मध्ये युद्धनौका पाठवून १५ कोटी फ्रँक मागितले. कशापोटी? मळेवाल्यांनी 'गमावलेल्या मालमत्तेपोटी', ज्यात ती माणसेही धरली होती. पुढे ही रक्कम ९ कोटींवर आणली, पण ती भरायला हैतीला पॅरिसच्याच सावकारांकडून कर्ज काढावे लागले. कर्जावर कर्ज चढत गेले आणि त्याची शेवटची फेड १९४७ मध्ये झाली. ज्यांनी स्वतःच्या रक्ताने स्वतःला सोडवले, त्यांनी वर त्याचे पैसेही भरले. हैती गरीब का, असे विचारणाऱ्यांनी आधी ही वही उघडावी.

आणि अमेरिका? १८६२ मध्ये राजधानी वॉशिंग्टनमधले गुलाम मुक्त करताना सरकारने मालकाला दर गुलामामागे ३०० डॉलरपर्यंत रक्कम दिली. मुक्त झालेल्या माणसाला १०० डॉलरपर्यंत देऊ केले, पण एका अटीवर. त्याने देश सोडून जावे!

स्वातंत्र्य दिले, जमीन दिली नाही

युद्धात सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक लढले. लाखो गुलामांनी मळे सोडून दिले, ज्याला ड्यू बॉय यांनी मजुरांचा सार्वत्रिक संप म्हटले. जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मनने हुकूम काढला, की किनाऱ्यालगतची जमीन मुक्त कुटुंबांना ४० एकरांपर्यंत वाटावी. सुमारे ४० हजार लोक त्या जमिनींवर वसलेही. त्यांनी पेरणी केली. मग लिंकनची हत्या झाली, अँड्र्यू जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी त्या जमिनी जुन्या मालकांना परत दिल्या गेल्या. ज्यांनी देशाविरुद्ध बंड केले होते त्यांना जमीन, ज्यांनी देश वाचवला त्यांना हुसकावणी.

याच काळात १८६२ च्या होमस्टेड कायद्याखाली पश्चिमेकडे १६० एकर जमीन जवळजवळ फुकट वाटली जात होती. ती बहुतांशी गोऱ्यांना मिळाली. मिसिसिपीने १८६५ मध्येच कायदा केला, की मुक्त काळ्या माणसाला शहराबाहेर जमीन भाड्यानेही घेता येणार नाही आणि दर जानेवारीत आपण कोणाकडे कामाला आहोत याचा लेखी पुरावा दाखवावा लागेल. नसेल तर भटक्या म्हणून अटक. गुलामगिरी रद्द करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीतच एक फट होती, गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी चालेल. अटक करा आणि कैदी मळ्याला, खाणीला भाड्याने द्या!

बाकीचे बटईने शेती करू लागले. बी-बियाणे मालकाचे, दुकान मालकाचे, वही मालकाची. वर्षाच्या शेवटी हिशेब केला की मजूरच देणेकरी निघायचा. ऊसतोडीच्या उचलीत अडकलेले आपले भाऊबंद ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे वेगळे समजावून सांगायची गरज नाही.

बचत केली तर? मुक्त झालेल्यांसाठी १८६५ मध्ये फ्रीडमन्स बँक निघाली. गैरकारभाराने ती १८७४ मध्ये बुडाली. सुमारे ६१ हजार खातेदारांचे जवळपास ३० लाख डॉलर अडकले. विसाव्या शतकात १९३५ चा सामाजिक सुरक्षा कायदा आला, त्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले. काळ्यांचा मोठा हिस्सा नेमका तिथेच होता. घरकर्जासाठी शहरांचे नकाशे बनले, त्यांत काळ्यांच्या वस्त्यांना लाल रंग दिला गेला. लाल वस्तीत सरकारी हमीचे कर्ज नाही. गोऱ्या कुटुंबांनी त्या काळात घेतलेली घरे पुढे दसपट-वीसपट किमतीची झाली आणि मुलांना वारसा म्हणून मिळाली. काळा माणूस भाडे भरत राहिला.

याचा आजचा आकडा अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीत आहे. कुटुंबांची संपत्तीनुसार रांग लावली तर मधोमध उभ्या असलेल्या गोऱ्या कुटुंबाची संपत्ती २ लाख ८५ हजार डॉलर, तशाच काळ्या कुटुंबाची ४४ हजार ९०० डॉलर. सहापटीहून जास्त फरक. ओबामा राष्ट्राध्यक्ष झाले म्हणून हा फरक मिटला नाही. एक माणूस वर जाणे आणि समाजाचे देणे फिटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नेहमीचे आक्षेप

'आफ्रिकन राजांनीच आपली माणसे विकली.' हो, काहींनी विकली, युद्धकैदी विकले, आणि तेही दोषी आहेत. पण मळे, जहाजे, बँका, विमा कोणाचे होते? नफा कोणत्या बंदरात साठला? विकणाऱ्याचा दोष दाखवल्याने घेणाऱ्याचे देणे माफ होत नाही. गावातल्या एखाद्या आपल्याच माणसाने पाटलाची चाकरी केली म्हणून जातव्यवस्था निर्दोष ठरत नाही, तसेच हे.

'आजच्या गोऱ्या मुलाने काय गुन्हा केला?' काहीच नाही. गुन्ह्याची शिक्षा कोणी मागतही नाही. पण वारशात घर आणि जमीन घेताना कोणी म्हणत नाही की हे आजोबांचे आहे, माझा काय संबंध? संपत्ती वारशाने येत असेल तर देणेही वारशानेच येते. आपल्या कायद्यातही वारसाला मिळालेल्या मालमत्तेतून मयताचे कर्ज वसूल होते.

'लोकांची मानसिकता बदलली की सगळे ठीक होईल.' हा आक्षेप आपल्याच लोकांकडून येतो आणि तो आम्हाला सर्वात धोकादायक वाटतो. हिशेबातून जन्मलेली गोष्ट नुसत्या प्रेमाने मिटत नाही. शर्मनच्या हुकमातली ती जमीन परत घेतली गेली नसती, तर मानसिकता बदलायला अर्धी मदत आपोआप झाली असती.

आपण यातून काय घ्यायचे?

जात म्हणजे हुबेहूब गुलामगिरी, असे आम्ही म्हणत नाही. बाबासाहेबांनी दोन्हींची तुलना फार काटेकोरपणे केली आहे. गुलामाला पैसे मोजलेले असतात, म्हणून तो मरू नये एवढी तरी काळजी मालक घेतो. अस्पृश्याला कोणी विकत घेतलेलेच नसते, म्हणून तो जगला काय, मेला काय, कोणाचे काही बुडत नाही. श्रम तेवढे घ्यायचे, जबाबदारी कसलीच नाही. म्हणून अस्पृश्यता ही गुलामगिरीहून वाईट, असा त्यांचा निष्कर्ष होता. ही तुलना अर्थशास्त्रज्ञाची आहे.

म्हणूनच त्यांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे विधेयक आणले. तुकडाभर जमीन आणि भाकरतुकड्याच्या बदल्यात अख्ख्या कुटुंबाने सरकारसाठी, गावासाठी अष्टौप्रहर राबायचे, ही बेडी त्यांना तोडायची होती. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची ही वतने रद्द झाली. पण ज्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राबलो, ती आपल्या नावावर करून घ्यायला वतनदारालाच सरकारकडे रक्कम भरायची होती. हैती आठवली का? पुढे डिसेंबर १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह झाला, लोक लाखोंनी तुरुंगात गेले. त्यांची मागणी सन्मानाची होती, पण आधी जमिनीची होती. अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरच्या दहा कलमांतही 'आमच्या चाळीस एकरांचे थकलेले देणे द्या' हे कलम होते.

आज आपल्या वस्तीत काय चालले आहे? जयंतीचे डीजे, पुतळ्याचा कट्टा, नेत्याचा वाढदिवस. अस्मितेला आमचा विरोध नाही, तिच्यामुळेच आपण ताठ उभे आहोत. पण गावातल्या वतनी जमिनीचा सातबारा कोणाच्या नावावर आहे, गायरानावरचे आपले अतिक्रमण नियमित झाले की नाही, अनुसूचित जातींसाठी ठेवलेला निधी खरोखर कुठे खर्च झाला, हे प्रश्न विचारणारे आपल्यात किती आहेत?

म्हणून वाचनवर्गातल्या त्या भावाला आणि त्याच्यासारख्या सगळ्यांना आमचे सांगणे आहे. पुढच्या वेळी कोणी म्हणाले की 'आता कुठे आहे जात', तर चिडू नका, भावनिक होऊ नका. त्याला विचारा, तुझ्या आजोबांच्या नावावर किती एकर होते आणि माझ्या आजोबांच्या नावावर किती? मग गावी जा, तलाठ्याकडून आपल्या वतनी जमिनीचे जुने फेरफार काढा आणि पुढच्या बैठकीला घेऊन या. आमच्या वर्गाने हे काम सुरू केले आहे. येत्या बैठकीत पुस्तकाशेजारी सातबारेही ठेवलेले असतील.

जय भीम! जय जोती!